अमिगा ५०० ची मेमरी: किती एमबी ते नंतर, आधी कुठली ते ठरवा

नमस्कार. तुमचा प्रश्न मला असा कळला: तुमच्याकडे अमिगा ५०० (कमोडोर कंपनीचा जुना घरगुती कॉम्प्युटर) आहे, त्यात कारखान्यातून आलेली ५१२ केबी मेमरी आहे आणि पोटाखालचा कप्पा रिकामा आहे. समोर तीन पर्याय आहेत. त्या कप्प्यात बसणारं ५१२ केबीचं कार्ड, मशीन १ एमबी 'चिप रॅम'चं करून घेणं, किंवा प्रोसेसरच्या सॉकेटमध्ये बसणारं ८ एमबीचं बोर्ड. विकणारा म्हणतोय, ८ एमबी घ्या, म्हणजे कायमची कटकट मिटेल. तुम्हाला गेम खेळायचेत, प्रोट्रॅकरवर संगीत करायचंय, डिलक्स पेंटमध्ये चित्रं काढायचीत आणि पुढेमागे हार्ड डिस्क लावायची आहे.

विकणारा खोटं बोलत नाही, पण तुमच्या कामाचं बोलत नाही. ८ एमबीचं बोर्ड लावून प्रोट्रॅकर उघडलंत, तरी सॅम्पल (रेकॉर्ड केलेले आवाजाचे तुकडे) भरायची जागा त्या मूळच्या ५१२ केबीच्या आतच राहणार. आजच्या कॉम्प्युटरची सवय असलेल्या माणसाला हे विचित्र वाटतं, कारण आज रॅम म्हणजे रॅम, घातली की सगळ्यांना मिळाली. अमिगात तसं नाही. तिथे प्रश्न असा असतो की ही मेमरी कोणाकोणाला दिसते?

अमिगात ६८००० हा प्रोसेसर आहे, आणि त्याच्या जोडीला तीन खास चिप: ॲग्नस, डेनिस आणि पॉला. पडद्यावरचं चित्र डेनिस काढते, आवाज आणि फ्लॉपी पॉला सांभाळते, आणि मेमरीतून त्यांना माल पुरवण्याचं काम ॲग्नसचं. ब्लिटर (चित्राचे तुकडे झपाट्याने हलवणारा भाग) आणि कॉपर (पडदा रंगवला जात असतानाच चित्राच्या सेटिंग बदलणारा भाग) हेही ॲग्नसच्याच पोटात. मेख इथे आहे: ॲग्नसचा हात जितक्या मेमरीपर्यंत पोचतो तेवढीच मेमरी चित्राला, आवाजाला आणि फ्लॉपीला वापरता येते. तिला म्हणतात चिप रॅम. ॲग्नसला न दिसणारी, फक्त प्रोसेसरच्या वाट्याची मेमरी ती फास्ट रॅम.

आणि या दोघींच्या मध्ये एक तिसरी आहे, धड ना इकडची धड ना तिकडची. कमोडोरचं ए५०१ कार्ड किंवा त्याच्या धर्तीवरचं कुठलंही ५१२ केबीचं कार्ड पोटाखालच्या कप्प्यात बसवलं, की जुन्या मशीनमध्ये मिळते ती ही. ती जोडलेली असते खास चिपच्याच बसवर (मेमरीकडे जाणाऱ्या वाटेवर), म्हणून ॲग्नस कामात असली की प्रोसेसरला तिथेही ताटकळावं लागतं. पण ॲग्नसला तिच्यातलं काही वापरता येत नाही. फास्टचा वेग नाही आणि चिपचा उपयोगही नाही, म्हणून सगळे तिला 'स्लो रॅम' म्हणतात. गंमत म्हणजे वर्कबेंच १.३ (अमिगाचा डेस्कटॉप) मध्ये 'अव्हेल' ही आज्ञा दिलीत तर ही मेमरी 'फास्ट'च्या रकान्यात दिसते. तो आकडा पाहून बरेच जण आपल्याकडे फास्ट रॅम आहे असं समजून बसतात.

इतकं ऐकून वाटेल की स्लो रॅम घेण्यात अर्थच नाही. उलट आहे. तुमच्या मशीनसाठी मी पहिली खरेदी तीच सांगेन. अमिगाची ऑपरेटिंग सिस्टिम प्रोग्रामला मेमरी देताना, चिपच हवी असा हट्ट नसेल तर, आधी चिपेतर मेमरीतून देते. म्हणजे प्रोग्रामचा कोड, त्याची कोष्टकं, सिस्टिमचं किडुकमिडुक हे सगळं स्लो रॅममध्ये जातं आणि मौल्यवान चिप रॅम चित्र-आवाजासाठी मोकळी राहते. शिवाय त्या काळी '१ एमबी लागेल' असं खोक्यावर छापणाऱ्या बहुतेक गेमच्या मनात हेच समीकरण होतं, ५१२ केबी चिप आणि ५१२ केबी कप्प्यातली. 'डंजन मास्टर'ची अमिगा आवृत्ती १ एमबी असल्याशिवाय चालायचीच नाही. त्यामुळे कार्ड बसवल्या क्षणी गेमची यादी जेवढी वाढते, तेवढी नंतरच्या कुठल्याही खर्चाने वाढत नाही.

आता चित्र आणि संगीत. इथे आकडेमोड करून पाहावी, म्हणजे कोणाच्या म्हणण्यावर विसंबावं लागत नाही. ३२० × २५६ चा पडदा, ३२ रंग म्हणजे ५ बिटप्लेन (प्रत्येक बिंदूचा एकेक बिट ठेवणारे थर). एका बिटप्लेनला १०,२४० बाइट, पाचांना ५१,२००. चित्र लुकलुकू नये म्हणून गेम दोन पडदे ठेवतो, म्हणजे १,०२,४०० बाइट. ५१२ केबीचा हा साधारण पाचवा हिस्सा. हे परवडतं. पण डिलक्स पेंटमध्ये ६४० × ५१२ वर १६ रंगांत काम काढलंत तर एका पानालाच १,६३,८४० बाइट लागतात. त्यात दुसरं पर्यायी पान आणि 'अनडू'साठी ठेवलेली प्रत धरली की झाले ४,९१,५२०. तुमच्याकडे एकूण आहेत ५,२४,२८८, आणि त्यातून सिस्टिमचाही वाटा जायचा आहे. ब्रश उचलायला जागा उरत नाही, मग प्रोग्राम मेमरी नसल्याचं सांगतो. अशा वेळी ८ एमबी फास्ट रॅम शेजारी रिकामी पडलेली असली तरी उपयोग शून्य, कारण हे सगळे बाइट ॲग्नसला दिसले पाहिजेत.

प्रोट्रॅकरचंही तेच. पॉला सॅम्पल थेट चिप रॅममधून वाचते. पाल मशीनवर (म्हणजे आपल्याकडच्या आणि युरोपातल्या टीव्ही पद्धतीच्या) सी-३ या स्वरात सॅम्पल सेकंदाला सुमारे १६,५७४ बाइट खातं. ड्रमचे ठोके, बेस यांना हे काहीच नाही. पण दोन-तीन सेकंदांचे गायलेले तुकडे, लांबलचक घोळणारे तंतुवाद्यांचे स्वर असा शौक असेल तर ५१२ केबी बघता बघता संपतात. फ्लॉपीवर मावणारं संगीत करायचं असेल तर स्लो रॅमवर छान भागतं. त्यापुढे जायचं तर १ एमबी चिप.

हे रूपांतर तुमच्या मशीनमध्ये सोपं आहे की डोकेदुखी, ते मला इथे बसून सांगता येणार नाही. ते दोन गोष्टींवर ठरतं, आणि दोन्ही झाकण उघडल्यावरच दिसतात. खालचे स्क्रू काढा, कीबोर्डची वायर जपून सोडवा, पत्र्याचं आवरण उचला. बोर्डावर 'रेव्ह' (बोर्डाची आवृत्ती) लिहून आकडा छापलेला असतो: ३, ५, ६ए असा. मग चौकोनी, ८४ पायांची, सॉकेटमध्ये रुतलेली मोठी चिप शोधा. ती ॲग्नस. तिच्यावर ८३७० किंवा ८३७१ असेल तर ती ५१२ केबीपुरतीच. ८३७२ए असेल तर ती १ एमबी चिप हाताळू शकते, फक्त कारखान्यात बोर्डाची जोडणी ५१२ केबीसाठी ठेवलेली असते. धूळ आणि फिकट छपाईमुळे ७१ की ७२ ते कळत नाही. टॉर्च आडवा धरून तिरक्या उजेडात बघा, किंवा फोनवर फोटो काढून मोठा करा.

रेव्ह ६ए आणि ८३७२ए अशी जोडी निघाली तर तुमचं नशीब. कप्प्यातलं ५१२ केबी कार्ड तसंच ठेवून, बोर्डावरच्या जंपरची (मुख्यतः जेपी२) जोडणी बदलली की तीच मेमरी स्लोची चिप होते. एक बारीक पट्टी कापायची, शेजारचे दोन ठिपके सोल्डरने जोडायचे, एवढंच. नेमकं कुठे कापायचं ते त्याच आवृत्तीच्या सर्किट आकृतीवरून ठरवा, दुसऱ्याच्या मशीनचा फोटो बघून नको. ६ए बोर्डावर ५१२ केबी चारच चिपमध्ये बसवलेली असते आणि शेजारी आणखी चार चिपच्या जागा बहुतेक वेळा रिकाम्या दिसतात, त्या भरूनही १ एमबी करता येते. सोल्डरिंगचा हात चांगला असेल तर मला हा मार्ग जास्त आवडतो, कप्पा मोकळा राहतो.

रेव्ह ३ किंवा ५ आणि ८३७१ असेल तर ॲग्नसही बदलायची, बोर्डावर तारा ओढायच्या. होतं ते काम, पण पहिल्याच दिवशी करू नका. जुनं सॉकेट ठिसूळ झालेलं असतं. स्क्रूड्रायव्हरने एका कोपऱ्यातून उचकटलं की कोपरा तुटतो, म्हणून त्या आकाराच्या चिपसाठी मिळणारा चिमटाच वापरा. आणि ८३७५ स्वस्तात मिळते म्हणून ८३७२ए च्या जागी बसवायला जाऊ नका. दिसायला सारखी असली तरी तिच्या सगळ्या उपप्रकारांची पायांची मांडणी सारखी नाही. २ एमबी चिप देणारे ॲडॉप्टरही मिळतात. तुमच्या यादीतल्या कामांना त्याची गरज मला दिसत नाही.

१ एमबी चिप करून घेण्यात एक बारीकसा तोटा आहे. काही जुने गेम आणि डेमो ठरावीक पत्त्यावर, सी००००० पासून, स्लो रॅम आहे असं गृहीत धरूनच लिहिलेले आहेत. ती तिथून गायब झाली की ते अडतात किंवा मेमरी कमी असल्यासारखे वागतात. असे थोडेच आहेत, पण नेमका तुमच्या आवडीचा त्यात निघू शकतो. म्हणून बरेच जण जंपरच्या जागी छोटा स्विच लावतात. मीही तेच सुचवेन. मात्र तो मशीन बंद असतानाच फिरवायचा.

मग फास्ट रॅम कधी घ्यायची? वेगासाठी घेणार असाल तर अपेक्षा बेताची ठेवा. ६८००० मेमरीला हात लावतो त्याची लय आणि खास चिपची लय अशी जुळवलेली आहे की साध्या ३२० च्या, १६ रंगांपर्यंतच्या पडद्यावर दोघं एकमेकांच्या वाटेत फारसे येतच नाहीत. तिथे फास्ट रॅमने फरक पडतो तो ब्लिटर जोरात चालू असताना. याउलट ६४० च्या पडद्यावर १६ रंग लावलेत तर चित्र रंगवलं जात असताना ॲग्नस बसचा प्रत्येक घास स्वतःच घेते आणि चिप किंवा स्लो रॅममध्ये काम करणारा प्रोसेसर हात बांधून उभा राहतो. तिथे फास्ट रॅम लावली की मशीन मोकळा श्वास घेतं. वर्कबेंचवर जास्त वेळ काढणाऱ्याला आणि कंपायलर चालवणाऱ्याला हा फरक रोज जाणवतो. फ्लॉपीवरून गेम खेळणाऱ्याला जवळपास नाही.

फास्ट रॅमचं खरं निमित्त म्हणजे तुमची ती हार्ड डिस्क. फ्लॉपीचे गेम डिस्कवरून चालवायला सगळे डब्ल्यूएचडीलोड वापरतात. ते मूळ गेमच्या फ्लॉपी मेमरीत आणून ठेवू शकतं, आणि तिथे मात्र मेमरी जितकी जास्त तितका आराम. पण त्याला किकस्टार्ट (मशीनच्या रॉममधली मूळ सिस्टिम) २.० किंवा पुढचं लागतं. तुमच्या मशीनमध्ये १.२ किंवा १.३ असणार. १.२ असेल तर हार्ड डिस्कवरून मशीन आपोआप सुरूही होणार नाही, ती सोय १.३ पासून आली. म्हणजे हार्ड डिस्क, किकस्टार्ट आणि फास्ट रॅम ही एकत्र ठरवायची गोष्ट आहे. त्यातली एक आज आणि दोन वर्षांनी दुसरी, असं केलं की एकमेकांशी न जुळणारे भाग घरात जमतात.

प्रोसेसरच्या सॉकेटमधल्या ८ एमबी बोर्डाबद्दल माझा आक्षेप नेमका हाच आहे. उद्या तुम्हाला ॲक्सिलरेटर (जास्त वेगवान प्रोसेसरचं बोर्ड) हवासा वाटला तर तोही बहुधा त्याच सॉकेटमध्ये बसणार आणि स्वतःची, याहून वेगवान मेमरी घेऊन येणार. मग हे बोर्ड काढून ठेवायचं. दुसरं असं की आपोआप ओळख पटणाऱ्या ('ऑटोकॉन्फिग') मेमरीसाठी अमिगा ५०० मध्ये एकूण ८ एमबीचीच जागा राखलेली आहे. डाव्या बाजूला ए५९० सारखं हार्ड डिस्कचं खोकं लावलंत आणि त्याच्या पोटात २ एमबी भरलेले असतील, तर आतले ८ आणि बाहेरचे २ मिळून बसणार कुठे? शिवाय आतलं बोर्ड बाहेरच्या खोक्याच्या ओळख-साखळीत नसतं, त्यामुळे सुरू होताना दोघं एकदमच 'मी इथे' म्हणून उत्तर देतात आणि मशीन गोंधळतं. घ्यायचंच असेल तर ४ एमबीवर आणता येणारं, ऑटोकॉन्फिग बंद करायचा जंपर असलेलं बोर्ड बघा.

तेव्हा मी क्रम असा लावेन: आधी कप्प्यातलं ५१२ केबी, मग ॲग्नस आणि बोर्ड अनुकूल असेल तर १ एमबी चिप, आणि फास्ट रॅम हार्ड डिस्कच्या वेळी. फक्त गेमच खेळणार असतात तर मी पहिल्या पायरीवरच थांबायला सांगितलं असतं. केवळ वर्कबेंच आणि प्रोग्रामिंग असतं तर चिपच्या आधी फास्ट सांगितली असती.

खरेदीआधी एक करून पाहता येईल. विनयूएई किंवा एफएस-यूएई या एम्युलेटरमध्ये (आजच्या कॉम्प्युटरवर अमिगाची नक्कल करणाऱ्या प्रोग्राममध्ये) चिप, स्लो आणि फास्ट किती हवी ते वेगवेगळं निवडता येतं. तुमचा स्वतःचा किकस्टार्ट आणि तुमच्याच फ्लॉपींच्या प्रती घेऊन ५१२ अधिक ५१२, मग १ एमबी चिप, मग त्यावर ४ एमबी फास्ट असं लावून आपली नेहमीची कामं करा. डिलक्स पेंटमध्ये तुमच्या मापाचं पान उघडा, प्रोट्रॅकरमध्ये तुमचे सॅम्पल भरा. कुठे अडतं ते लगेच दिसतं. वेगाचा अंदाज घ्यायचा असेल तर अचूक सायकलची सेटिंग चालू ठेवा, नाहीतर सगळंच सुसाट वाटेल.

आता कार्ड घेताना काय बघायचं. जुनं ए५०१ किंवा त्या काळची नक्कल मिळाली तर पहिली नजर बॅटरीवर. घड्याळासाठी तिच्यात ३.६ व्होल्टची निकेल-कॅडमियमची बॅटरी असते आणि इतक्या वर्षांत ती गळलेली असण्याचीच शक्यता जास्त. हिरवा-निळा चुरा, काळवंडलेले ट्रॅक, कनेक्टरच्या पिनांवर पांढरट थर, अशा खुणा दिसतात. ए५०१ ला पत्र्याचं कवच असतं, ते उघडल्याशिवाय आतलं कळत नाही. विकणाऱ्याला कवच काढून फोटो पाठवायला सांगा. बॅटरी कापून टाका, गळलेली जागा आधी पातळ व्हिनेगरने निष्प्रभ करून मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. घड्याळ हवंच असेल तर सीआर२०३२ चा सेल बसवता येतो. पण मूळ सर्किट बॅटरी चार्ज करतं आणि हा सेल चार्ज करायचा नसतो, म्हणून मध्ये डायोड हवाच. घड्याळाचा मोह नसेल तर आजकाल नव्याने बनवलेली, मोजक्या चिपची कार्डं मिळतात. ती वीज कमी खातात आणि गळणारं काही त्यांच्यात नसतं. मेमरी बंद करायचा स्विच असलेलं कार्ड मिळालं तर तेच घ्या, काही सुरुवातीचे गेम जादा मेमरी बघून बिथरतात.

कार्ड घालताना मशीनची वीज काढलेली असू द्या, नुसतं स्विचने बंद केलेलं नको. ५६ पिनांची रांग आहे, तिरकं दाबलं तर टोकाची पिन वाकते आणि ती सरळ करताना तुटते. सरळ, सावकाश, दोन्ही बाजूंना सारखा जोर.

सुरू केल्यावर पडदा हिरवा होऊन थांबला तर चिप रॅममध्ये दोष आहे असं मशीन सांगतंय. १ एमबी चिपच्या रूपांतरानंतर हे दिसलं तर आधी सोल्डर आणि कार्डाची बैठक तपासा. पिवळा आला तर प्रोसेसर सुरुवातीलाच अडखळलाय, तोही पुष्कळदा नीट न बसलेल्या कार्डामुळे. लाल पडदा किकस्टार्टच्या रॉमचा, त्याचा मेमरीशी संबंध नाही. वर्कबेंच नीट आलं तरी लगेच झाकण लावू नका. मेमरी तपासणारा प्रोग्राम तासभर चालू ठेवा, मशीन तापल्यावर पुन्हा बघा. जुन्या चिप गार असताना शहाण्या असतात. एखादी बाकीच्यांपेक्षा फार गरम लागली तर संशय तिच्यावर घ्या.

वीजपुरवठ्याचाही विचार ठेवा. अमिगा ५०० च्या विटेएवढ्या ॲडॉप्टरच्या वेगवेगळ्या आवृत्त्यांची ५ व्होल्टची क्षमता सारखी नाही, ती खालच्या लेबलवर लिहिलेली असते. एक ५१२ केबी कार्ड कुठल्याहीवर चालेल. जुन्या चिपांनी गच्च भरलेलं बोर्ड, जादा फ्लॉपी ड्राइव्ह आणि हार्ड डिस्क असं सगळं एकाच ॲडॉप्टरवर टाकलंत तर 'गुरू मेडिटेशन'ची (मशीन कोसळल्याची) पाटी येईल आणि दोष मात्र मेमरीवर जाईल. आणि हो, बाहेरची फ्लॉपी ड्राइव्ह जोडलेली असली की तिच्यासाठी सिस्टिम थोडी मेमरी राखून ठेवते. एखादा १ एमबीचा गेम थोडक्यात अडत असेल तर नवी मेमरी शोधण्याआधी ती ड्राइव्ह काढून बघा.

तुमचं झाकण उघडून झालं की बोर्डाचा रेव्ह आकडा, ॲग्नसवरचा पूर्ण क्रमांक आणि किकस्टार्टची आवृत्ती एवढं लिहा. किकस्टार्टसाठी मशीन उघडावं लागत नाही, फ्लॉपी मागणाऱ्या हाताच्या चित्रासोबत १.२ की १.३ ते लिहिलेलं येतं. तेवढ्यावरून जंपरचं काम तुम्हाला जमण्यासारखं आहे का ते सांगतो. ५१२ केबीचं कार्ड मात्र तोपर्यंत घेऊन ठेवायला हरकत नाही, कुठलाही रेव्ह निघाला तरी ते लागणारच.